केसभरमास्तरांच्या पाट्या

छापखान्यात त्यांना सगळे केसभरमास्तर म्हणत. अक्षरं काढण्यात सारा जन्म गेलेला. त्यांच्या अक्षराची उभी रेघ अंगठ्याएवढी जाड, आडवी केसासारखी बारीक, आणि टोकांना नाजूक पाय. नाटकाच्या पोस्टरवर ती हातभर उंच उभी राहिली की रस्त्यानं जाणारी माणसं थबकत.

इस्पितळाच्या पाट्यांचं काम आलं, तेव्हा मास्तरांनी तीच अक्षरं काढली. उंची चार बोटं.

रंगाऱ्यानं नमुना पाहून डोकं खाजवलं. "मास्तर, ही पोस्टरची अक्षरं. इतकी लहान केली तर बारीक रेघा लांबून दिसायच्याच नाहीत. थोड्या जाड करू?"

"तुला रेघेतलं काय कळतं रे? तू आपला डबा ढवळ."

रंगाऱ्यानं मुकाट डबा ढवळला.

महिन्याभरानं मास्तरांची थोरली बहीण तपासणीला त्याच इस्पितळात गेली. हिनंच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. मास्तर तिला घ्यायला पोचले, तर ताई भलत्याच दारासमोर, पिशवी पोटाशी धरून बसलेली.

"दोन तास बसलेय. माझा नंबर गेला. आता तीन आठवड्यांनी या म्हणे."

"कुणाला तरी विचारायचं ना, ताई!"

"विचारलं की! ती नर्स म्हणाली, पाटी बघा. पाटीत काय बघू, कपाळ? भिंतीवर नुसत्या खुंट्या ठोकल्यात. कुठल्या दीडशहाण्यानं काढलीत रे ही अक्षरं? तुझ्यासारखा जाणता माणूस नाही का मिळाला त्यांना?"

मास्तरांनी वर पाहिलं. दहा पावलांवरून उभ्या रेघा तेवढ्या उरल्या होत्या. बाकीचं सगळं पांढऱ्या पाटीनं गिळलं होतं. कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही वाचता येत नव्हतं. त्यांना हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं म्हणून कानशिलं तापली.

"असेल कुणीतरी," ते म्हणाले.

घरापर्यंत ताई त्या कुणीतरीचा उद्धार करत होती. मास्तर प्रत्येक शब्दाला मान डोलवत होते. आपणच आपल्याला शिव्या घालायला मदत करतोय, आणि तेही चोरून!

दुसऱ्या दिवशी ते रंगाऱ्यासमोर जाऊन उभे राहिले.

"ब्रश घे. इस्पितळातल्या सगळ्या रेघा जाड करायच्यात."

"मी म्हटलं होतं, मास्तर."

"म्हटलं होतंस. मी तुझा पाणउतारा केला."

"मग डबा कोण ढवळणार?"

"मी."

एकेचाळीस पाट्या होत्या. तीन आठवडे लागले. शेवटच्या पाटीला मास्तर स्वतः ब्रश घेऊन वर चढले होते, रंगारी शिडी धरून खाली, तेव्हा शिडीखाली ओळखीची पिशवी दिसली.

"अरे, तू वर काय करतोयस?"

बाकांवरची माणसं बघायला लागली. रंगाऱ्याला हातभार लावतोय, एवढं सहज म्हणता आलं असतं. ते ओठांवर आलंही.

"ही अक्षरं माझी आहेत, ताई. त्या दिवशी तू नावं ठेवलीस, तीही माझीच."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. डोळे बारीक करून ती पाटी वाचू लागली.

"हृदय... तपासणी. डावीकडे." मग रंगाऱ्याला म्हणाली, "शिडी नीट धर बाबा. पडला तर मी रागावू कुणावर?"

आणि ती एकटीच डावीकडे चालू लागली.