तिचं दुखणं मी सांगत होतो

"काही दुखलं नाही तिले." भाऊजींचा फोन आला तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य हे होतं. ताई गेली, हे त्यानंतर. सकाळचे नऊ वाजले असतील. आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यातल्या आमच्या घरामागं मी कढीपत्त्याला पाणी घालत होतो. मला आधी काही उमगलंच नाही. वाटलं, दवाखान्यात जाऊन आल्याचं सांगताहेत. मग म्हणाले, चहा प्यायली, कप खाली ठेवला, खुर्चीत मान टाकली... एवढंच. हृदय थांबलं होतं. दुसऱ्या कुठल्या घरात मरणाची बातमी अशी सुरू झाली नसती. पण आमच्या घरात गेली पंधरा-वीस वर्षं कोणाचीही विचारपूस 'दुखलं का' यापासूनच सुरू होत आली आहे. दोन गल्ल्या ओलांडून तिच्या दारात पोचेपर्यंत मी ते एक वाक्य धरून चाललो.

त्याला आता दीड महिना होईल. पुण्यानुमोदनाला सगळे तिच्या आठवणीसाठी जमले तेव्हा मला चार शब्द बोलायला सांगितलं होतं, आणि मी उभा राहून फक्त तिच्या नोकरीची वर्षं नि शाळांची नावं सांगून बसलो. जे सांगायचं होतं ते माझ्याविषयी होतं, आणि लोकांसमोर ते तोंडातून निघेना. कागदावर निघतं का पाहतो.

कौसल्याताई माझी थोरली बहीण, चार वर्षांनी मोठी. आमचे आईवडील वांकिडीकडच्या एका खेड्यात दुसऱ्यांच्या कापसात राबले. घरातली पहिली नोकरी ताईची. आदिलाबादला मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत ती शिक्षिका झाली, आणि मागोमाग मला इथं आणून तिनं शिकवलं. अभ्यास घेताना पाठीत धपाटे घालायची ते वेगळंच. आवाज तर असा, की तिसरीच्या वर्गात पाढे सुरू झाले की रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावर माणसं आपोआप हळू बोलायला लागायची. मी पुढं तहसील कचेरीत कारकून झालो. तेलुगू मला लवकर आली, कारण त्याशिवाय टेबलावरचा कागद हलत नव्हता. आमचा सगळा जन्म लोकांच्या दरखास्ती वाचण्यात गेला. माणूस चार पानं भरून आपलं गाऱ्हाणं मांडतो, आणि साहेबापुढं ठेवताना आम्ही त्याचा एका ओळीत खुलासा, म्हणजे गोषवारा, करतो. या कामात मी हुशार समजला जात होतो, आणि मला त्याचा अभिमानही होता. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

ताईचं दुखणं सुरू झालं तेव्हा ती शेहेचाळीस-सत्तेचाळीसची असेल. सकाळी चूळ भरताना तिनं एकदम उजवा गाल धरला आणि खाली बसली. क्षणभरच. मग उठून शाळेत गेली. पुढं ते रोज यायला लागलं, दिवसातून चार वेळा, दहा वेळा. घास चावला की, दात घासले की, नुसता वारा लागला तरी. गालात कोणी तापलेली सुई टोचून कानापर्यंत ओढतं, असं ती म्हणायची. मी तिला दातांच्या डॉक्टरकडं नेलं. आमच्या भागात एक रीतच आहे. दवाखान्यात बोलायचं ते तेलुगू येणाऱ्या माणसानं. दुखणाऱ्यानं बाजूला बसायचं आणि विचारलं तर मान हलवायची. ताई वाटेत मला अर्धा तास सांगत आली होती. मी डॉक्टरांना सांगितलं, "पंटि नोप्पि." दात दुखतो. झाला खुलासा. त्यांनी एक दाढ काढली. आठ महिन्यांनी दुसऱ्यांनी दुसरी काढली. तिसरा दात चंद्रपूरला गेला. तिथं तर मराठी डॉक्टर होता, ताई स्वतः बोलू शकली असती. पण तोवर सवय अशी पडली होती, की मीच बोललो आणि तिनं मान हलवली.

दात गेले, दुखणं गेलं नाही. मग जो तो आपापलं सांगायला लागला. मोठ्या शहरातल्या एका नावाजलेल्या दवाखान्यात आम्ही तीन तास बसलो, आणि डॉक्टर भाऊजींकडं पाहून म्हणाले, की बाईंच्या मनावर ताण आहे, झोपेच्या गोळ्या देतो. ताई समोर बसली होती. तिच्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीची काच घट्ट लावून, पदरानं गाल झाकून बसली होती. मला म्हणाली, "दुखते ते दुखते. पण दुखते हे सिद्ध करून करून मी थकली रे." मी तिला धीर धरायला सांगितलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्याही मनात येऊन गेलं होतं, की डॉक्टर म्हणतात तसं असेल का...

त्या सहा वर्षांत ती कशी जगली हे ज्यानं पाहिलं त्यालाच माहीत. एप्रिल-मेमधला आदिलाबादचा उन्हाळा, आणि तिच्या घरात पंखा बंद. चुकून कोणी पाहुण्यानं लावू नये म्हणून भाऊजींनी बटणावर चिकटपट्टी लावून टाकली होती. आम्ही सगळे घामाघूम होऊन हातातल्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसायचो, तेही तिच्याकडं पाठ करून. ती मऊ भात कोमट करून डाव्या बाजूनं खायची. आणि तरी रोज शाळेत जायची. आवाज गेला होता, म्हणजे होता पण मोठ्यानं बोललं की सुई. मग तिनं निराळीच पद्धत काढली. पाढा फळ्यावर लिहायची, एका पोरीला मोठ्यानं म्हणायला लावायची आणि स्वतः छडीनं टेबलावर ताल द्यायची. चूक झाली की दोनदा टकटक. पोरांना वाटायचं हा खेळच आहे. ताईचा वर्ग कधी मागं पडला नाही. पण शेवटी शेवटी टकटक करतानाही तिचे डोळे मिटायला लागले, आणि एका रविवारी तिनं मला बोलावून राजीनाम्याचा अर्ज लिहून मागितला. मी लिहून दिला. एका पानात, सुबक. तिनं तो घडी करून पर्समध्ये ठेवला. म्हणाली, सोमवारी सरकारी दवाखान्यात एकदा जाऊ, तिथं कोणी नवीन डॉक्टर आली आहे म्हणतात. नाहीच जमलं तर तिथूनच शाळेत जाऊन हा देऊन येईन. शाळा सोडणं म्हणजे तिच्यासाठी काय होतं हे मला माहीत होतं. त्या सोमवारी मी तिच्या पर्सकडंच पाहत होतो.

डॉक्टर मंचेरियलच्या होत्या, तिशीच्या आत, कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्याची मुलगी. मराठी अजिबात नाही, हिंदी तोडकीमोडकी. बाहेर ही गर्दी. मी नेहमीसारखा पुढं झालो आणि सुरू केलं, "पंटि नोप्पि, मॅडम..." त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि शांतपणे विचारलं, "नोप्पि मीका, आमेका?" दुखतं तुम्हाला की यांना? मी म्हणालो, यांना. मग यांना बोलू द्या, तुम्ही फक्त त्यांचं वाक्य तेलुगूत म्हणा. एकही गाळू नका आणि एकही घालू नका, असं सांगून त्यांनी आपली खुर्ची ताईकडं वळवली.

ताई आधी माझ्याकडंच पाहत राहिली. सवय. मग हळूहळू बोलायला लागली. ती थांबली की डॉक्टर विचारायच्या, "इंका?" म्हणजे, आणखी? ताई पुन्हा बोलायची. पुन्हा, "इंका?" वाऱ्याचं सांगितलं, चुळीचं सांगितलं, दुखणं किती वेळ टिकतं हे सांगितलं, पाढ्याची एक ओळ म्हणून होईपर्यंत येतं आणि जातं, असं. चौथ्या की पाचव्या "इंका?"ला ताई म्हणाली, "दाढ काढली, तरी दुखते तिथंच. आता तिथं दाढच नाही. मंग दुखते काय?"

हे वाक्य मी सहा वर्षांत वीस वेळा तरी ऐकलं होतं. एकाही डॉक्टरला सांगितलं नव्हतं. मला ती कुरकुर वाटायची, गाळून टाकायची गोष्ट. त्या दिवशी गाळायची नाही म्हणून मी ते तेलुगूत म्हटलं, आणि डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. त्यांनी कापसाचा बोळा घेऊन ताईच्या गालाला अगदी हलका लावला. ताई कळवळली. "पळ्ळु कादु," डॉक्टर म्हणाल्या, "नरम." दात नव्हेत, शीर. चेहऱ्याची एक शीर असते, ती असं करते, यावर गोळ्या आहेत, आणि यांच्या मनात काही बिघडलेलं नाही. ते शेवटचं त्यांनी मला दोनदा तर्जुमा करायला लावलं. मग ताईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, तुमचे दात उगाच गेले, त्याचं मला वाईट वाटतं. दात त्यांनी काढलेले नव्हते. ज्यांनी काढले होते त्यांच्यात मीही होतो, आणि मी ते वाक्य ताईला मराठीत सांगत असताना मलाच रडू फुटलं. ताई माझ्याकडं पाहून म्हणाली, "तू काऊन रडून राह्यला? दात माह्ये गेले."

चमत्कार झाला नाही. गोळी हळूहळू वाढवायची होती. पहिल्या आठवड्यात चक्कर, मग रक्ताची तपासणी, हैदराबादला डोक्याचा फोटो. डॉक्टरांनी आधीच बजावून ठेवलं होतं, की दुकानदार ही फिटची गोळी आहे म्हणेल, घाबरून बंद करू नका. दुकानदार अगदी तेच म्हणाला, आणि आम्ही दोघं भर दुकानात हसलो. तीन आठवड्यांनी मी तिच्या घरी गेलो तर हॉलमध्ये ताई केस मोकळे सोडून पंख्याखाली बसली होती. चिकटपट्टी काढलेली, पंखा पाचवर. मी दारात उभा राहिलो तर म्हणाली, "आत ये. वारा खाऊन राह्यली मी." राजीनामा तिनं दिलाच नाही. त्या कागदाच्या कोऱ्या पाठीवर तिनं तेलुगू मुळाक्षरं गिरवली. बावन्नाव्या वर्षी, चौथीतल्या एका पोरीकडून शिकून. का, असं मी विचारलं नाही. आता माझं तिला काम पडणार नव्हतं एवढंच मला कळलं, आणि थोडं लागलंही.

निवृत्तीनंतर दर सोमवारी ती दवाखान्यात जायची, दुसऱ्यांसाठी. सरहद्दीकडच्या गावांतल्या बाया तिचा पत्ता शोधत यायच्या; कोणाची कंबर, कोणाचे सांधे, कोणाचं डोकं. ती बाईजवळ बसायची, बाई बोलेल ते जसंच्या तसं तेलुगूत सांगायची, मध्येच बाई रडली तर तेही सांगायची. सोबत आलेल्या नवऱ्यांना, भावांना दारातूनच परत पाठवायची, "तुमी चहा पिऊन या." काही डॉक्टर वैतागायचे. एकदा एकानं 'बाई, थोडक्यात सांगा' म्हटलं, तर ही त्याला म्हणाली, आम्ही थोडक्यातच सांगत होतो, त्यात माझे तीन दात गेले. तिचं स्वतःचं दुखणंही दोनदा उलटून आलं. मंचेरियलच्या डॉक्टरांची तोवर बदली झाली होती. तेव्हा तिनं नव्या डॉक्टरांपुढं बसून सगळं पहिल्यापासून स्वतः सांगितलं, तिच्या त्या मोडक्या, धीट तेलुगूत. मी बाहेर बाकावर होतो. भिंतीपलीकडून तिचा आवाज ऐकू येत होता... पाढ्यांच्या वेळचा.

मला तिनं कधी बोल लावला नाही. एकदा मीच विषय काढला, तर म्हणाली, "तू खोटं नाही सांगितलं. कमी सांगितलं." मग पोह्यांची बशी पुढं सरकवली.

मागच्या सोमवारी मी भाऊजींकडं बसलो होतो. ताईची खुर्ची तिथंच आहे, वर पंखा पाचवरच फिरतो. भाऊजी आता तो बंद करत नाहीत. वांकिडीकडून एक पन्नाशीची बाई आली, सोबत तिचा दीर. ताई गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. ऐकून बाई खाली मान घालून बसली. दीर म्हणाला, काही विशेष नाही, हिची दाढ दुखते, दोन वर्षं झाली, एक काढली, आता दुसरी काढायची, शाळेच्या बाईंनी सोबत यावं असं ही म्हणत होती. त्यानं सगळं एका दमात सांगितलं, मला ओळखीचं वाटावं असं. बाईनं पदर गालावर ओढून घेतला होता. भाऊजींनी ते पाहिलं, उठले आणि पंख्याचं बटण बंद केलं. मग दिराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चला, आपण चहा पिऊन येऊ."

आम्ही दोघंच उरलो. मी म्हटलं, वहिनी, तुमीच सांगा. ती इकडंतिकडं पाहत दोन वाक्यं बोलली आणि थांबली. परक्या माणसाला इतकं पुरे झालं असेल असं तिला वाटलं असावं. चाळीस वर्षांची सवय, माझ्या जिभेवर तिच्या दुखण्याचा खुलासा तयारसुद्धा झाला होता. मी तो गिळला. खुर्ची तिच्याकडं वळवली.

"इंका?" मी म्हणालो.

तिनं मान वर केली, आणि बोलायला लागली.