दात्यांचा चिमटा

गल्लीतले सगळे तिला चिमटाताई म्हणायचे. हातात चिमटा आणि डोळ्याला भिंग, याशिवाय तिला कुणी पाहिलंच नव्हतं. जुन्या कॉम्प्युटरची कार्डं दुरुस्त करणं हा तिचा धंदा. गंजलेल्या जोडण्या व्हिनेगर लावून टूथब्रशने घासायच्या, काळे पडलेले सोनेरी पट्टे खोडरबराने उजळायचे. वाकलेल्या पिनेवर खटक्याच्या पेन्सिलीच्या टोकाची पोकळ धातूची नळी चढवायची आणि रुसलेल्या पोरीची समजूत काढावी तशी हळूहळू सरळ करायची.

ही विद्या तिने धाकट्या भावाला शिकवली. आईवडील गेल्यावर त्याला तिनंच वाढवलेलं. तो टोकाला बारीक दाते असलेला, दात्यांचा चिमटा वापरायचा, आणि ती दर वेळी कावायची, "अरे, तो पिनेला चावतो!"

शहरातल्या संग्रहालयात जुन्या कॉम्प्युटरचं दालन उघडायचं ठरलं. संग्रहालयाच्या बाईंनी कार्डं ताईकडे पाठवली. यंत्रं चालली तर दालनाची कार्यशाळा तिच्याकडेच यायची होती. ताईने जीव ओतून काम केलं, एकेक कार्ड स्वतः चालवून पाहिलं आणि भावाच्या हाती पोचतं केलं.

चाचणीच्या दिवशी मोठं यंत्र सुरूच झालं नाही. कार्ड उपसून काढलं तर पिना वाकलेल्या. तेव्हा भाऊ हळूच म्हणाला, "ताईचे हात हल्ली थरथरतात. वय झालं, काय करणार?"

कार्यशाळा भावाकडे गेली. ताईला त्याचा राग आला नाही. काम घरातच राहिलं म्हणून तिने पेढेही वाटले. पण त्या दिवसापासून ती चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागली. नवी कामं नाकारू लागली. उगीच कुणाचं नुकसान नको.

तरी मनातून जाईना. "माझी चूक तरी बघू द्या," म्हणत तिने बाईंकडून ते कार्ड मागून घेतलं आणि खिडकीशी बसून भिंगाखाली धरलं. कार्ड चुकीचं दाबलं तर पिना चेपतात, वेड्यावाकड्या होतात. या पिना मात्र एकेक धरून एकाच बाजूला वळवल्या होत्या. आणि प्रत्येकीवर बारीक दात उमटले होते.

ती तशीच उठून भावाच्या घरी गेली. कार्ड त्याच्यासमोर ठेवलं. त्याने ते उलटं करून ठेवलं आणि म्हणाला, "जन्मभर मी चिमटाताईचा भाऊ. मला कधी माझं नाव मिळणार होतं?"

"मागायचंस की. मी आनंदाने दिलं असतं."

"तेच तर नको होतं, ताई. तू दिलेलं."

"मग घ्यायचंस हिसकावून! पण माझे हात थरथरतात म्हणालास, रे. आणि मी ते खरं मानलं. केसाने गळा कापलास."

"बाईंना सांगणार?"

त्याला एवढंच विचारायचं होतं. ती कार्ड उचलून जिना उतरली.

घरी येऊन तिने पिना सरळ केल्या. दोन वेळा वाकून धातू थकला होता, दोन पिना तुटल्याच. भंगारातल्या कार्डाच्या काढून तिने त्या जागी डाख देऊन बसवल्या. हात जराही हलला नाही. कार्ड तिने स्वतः बाईंना नेऊन दिलं आणि म्हणाली, "हे माझ्या हातून बिघडलेलं नव्हतं." कुणाच्या हातून, ते बाईंनी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. यंत्र सुरू झालं. कार्यशाळा भावाकडेच राहिली.

काही महिन्यांनी संग्रहालयाचा शिपाई एक खोकं घेऊन दारात उभा राहिला. "कार्यशाळेच्या साहेबांनी, तुमच्या भावाने पाठवलंय. त्यांना जमत नाहीये म्हणाले."

ताईने झाकण उघडलं. गंजाने हिरवंगार झालेलं दुर्मीळ कार्ड होतं, तिला सहज जमलं असतं. बोटं शिवशिवली. तिने झाकण लावलं आणि खोकं परत दिलं. बिघडलेलं कार्ड तसंच परत पाठवण्याची तिची ही पहिलीच वेळ.

शिपाई गेला. ती ताटावर बसली, पण दोन घासांतच उठली.