आमच्या संग्रहाचं आडवं कपाट

जुने कागद जमवायला बसलं की कागदांच्या आधी किस्सेच जमतात. कागदांना निदान वाळवी लागते, किस्स्यांना तीही लागत नाही.

उज्जैनच्या कापडगिरण्या एकेक करून बंद पडत होत्या. युनियनची पत्रकं, फोटो, सभांची टिपणं सगळं रद्दीत चाललं होतं. ते वाचवायला आम्ही तिघं उभे राहिलो: मिलचे जुने युनियन सेक्रेटरी रामप्रसादजी, नागरी हक्क समितीचे दिघे वकील आणि बँकेतून सुटून थेट या कामाला लागणारा मी. फ्रीगंज बाजारात दुकानावरची एक खोली दुकानाचे मालक सेठजी यांनी तोंडी बोलीवर वापरायला दिली होती. ती गेली की कागद पुन्हा रद्दीत, हे तिघांनाही ठाऊक होतं.

*

रामप्रसादजींचं आयुष्य ठराव मांडण्यात गेलेलं. एकाच पत्रकाच्या ढीगभर प्रती होत्या. मी म्हटलं, जादाच्या टाकून देऊ. ते उठून उभे राहिले. "साथियो, प्रस्ताव पर मतदान होगा."

खोलीत साथी आम्ही तिघंच. मी बाजूने, ते विरुद्ध, दिघे वकील तटस्थ. ठराव बारगळला. पुढे दर वेळी हेच झालं, त्यामुळे आमच्याकडे आजवर एकही कागद टाकलेला नाही.

*

विरोधी युनियनचे नेते एकदा आपले गठ्ठे घेऊन आले. कपाटाच्या वरच्या फळीवर रामप्रसादजींच्या युनियनचे कागद दिसले आणि ते अडलेच. "हमारी यूनियन इनके नीचे नहीं रहेगी."

रामप्रसादजी म्हणाले, "तो हमारी भी नहीं."

तासभर बोलणी झाली. शेवटी आम्ही कपाटच आडवं पाडलं. आता दोन्ही युनियन शेजारी शेजारी आहेत.

*

मिल बंद झाल्यावर भैरवगढला कापडछपाईच्या कामाला लागलेल्या शांताबाई एकदा आल्या. सुतळीने आवळलेले गठ्ठे बघून हळहळल्या आणि दुसऱ्या दिवशी छापील कापडाचे तुकडे घेऊन हजर. "हड़ताल के काग़ज़ हैं भैया, ढंग से बाँधो."

मला फार बरं वाटलं. मॅनेजमेंटच्या नोटिसांचा गठ्ठा मात्र त्यांनी सुतळीतच राहू दिला.

*

मग एसटीडी बूथचे दिवस आले आणि सेठजींना खोली हवी झाली. त्यांनी स्वतःच नोटीस लिहून आणली. दिघे वकिलांनी ती वाचली आणि पेन काढलं.

"सेठजी, ये नोटिस कोर्ट में टिकेगा नहीं. मुदत ही नहीं लिखी. हक़ आपका भी है, ठीक से दीजिए."

आणि आमच्याच विरुद्धची नोटीस त्यांनी सेठजींना मुद्देसूद लिहून दिली! मी काही दिवस त्यांच्याशी बोललोच नाही.

मुदत संपली त्या सकाळी सेठजी कुलूप घेऊन वर आले. रामप्रसादजी जमिनीवर बसून नवी फाईल लावत होते. नाव, 'कमरे का विवाद'. तिचे दोन भाग: 'संस्था' आणि 'मालिक'. संस्थेच्या भागात आमच्या विनंत्या, अर्ज, ठराव. मालकाच्या भागात ती एकच नोटीस.

"ये क्या है?"

"रिकॉर्ड है, सेठजी. दोनों पक्ष रखते हैं. आपके पोते भी आके पढ़ेंगे."

सेठजींनी फाईल उलटून पालटून पाहिली. "इनका इतना सारा, और हमारा एक ही पन्ना? वो भी वकील साहब का लिखा हुआ?"

"आपने और दिया ही नहीं."

सेठजींनी कुलूप खिशात घातलं आणि जिना उतरता उतरता म्हणाले, "फाइल बंद मत करना. मैं लिख के लाता हूँ."