ओढ्यापलीकडचा अर्ज

मुलांनो, तुमचे आजोबा गेले त्या सकाळी जालन्याहून जीप आली, पण चालक खाली उतरेना. वेगळ्या मराठवाड्याच्या सभेसाठी ते आदल्या दिवशी तिकडे गेले होते. मी जवळ गेले तेव्हा तो खाली बघत एवढंच म्हणाला, "काकू, साहेब झोपेतच गेले..." याला आता सहा आठवडे होतील. आजोबा एवढं कशासाठी भांडत होते, असं तुम्ही पत्रात विचारलंय. जमेल तसं सांगते.

मी हैदराबादला इंग्रजीतून शिकलेली, म्हणून दिल्ली-मुंबईला जाणारे त्यांचे अर्ज मीच लिहायची. ते ओसरीत फेऱ्या मारत सांगायचे, "लिव्ह, ज्या लोकांचा कारभार, त्यांनीच ठरवावं कुणासंगं राह्यचं ते." बांगलादेश झाला तेव्हा त्यांनी गावभर साखर वाटली. शेजारचे आबा चिडवायचे, "सरपंच, राज्य घ्या बिलकुल, पन आधी चावडीतला दिवा तर लावा." तेही हसायचे. मुंबईहून कधी उत्तर आलंच, तर त्यात एकच शब्द असायचा : विचाराधीन. कडू गोळी जिभेवर यावी तसा तो शब्द ते उच्चारायचे.

एका पावसाळ्यात भीमराव गुरुजी आले. ओढ्यापलीकडे बौद्ध समाजाची वस्ती आहे, तिथेच राहणारे ते शिक्षक. विहीर, शाळा, दवाखाना सगळं अलीकडे. ओढा भरला की वस्तीची मुलं घरी आणि प्यायला गढूळ पाणी. वस्तीला स्वतःची ग्रामपंचायत हवी होती.

"काकू, साहेबांचा अर्ज तुम्ही चावडीवर मराठीतून वाचून दाखवला होता ना? तोच लिहून द्या. मराठवाडा आहे तिथं आमच्या वस्तीचं नाव टाका. बाकी काही बदलू नका," ते हसत म्हणाले.

मी लिहून दिला. आजोबांनी तो वाचला आणि ताट बाजूला सारलं.

"गाव फोडायलीस तू?"

"मुंबईवाले तुम्हाला हेच म्हणतात."

"ते येगळं हाय."

"कसं?"

अर्ज ग्रामसभेपुढे ठेवणं त्यांच्या हातात होतं. त्यांनी नाही म्हटलं नाही. कोपऱ्यात लिहिलं, विचाराधीन. त्यांच्या वळणदार अक्षरातला तो शब्द मी दोनदा वाचला. मी पुन्हा विषय काढला नाही, ही चूक माझी. ते वाईट नव्हते. पुरात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून वस्तीची मुलं खांद्यावरून आणताना मी त्यांना पाहिलंय. मुलं अलीकडे आणायला ते तयार होते. कारभार पलीकडे जाऊ द्यायला नव्हते.

मागच्या आठवड्यात गुरुजी पुन्हा आले. "साहेब न्हाई तर म्हणले नव्हते ना काकू? नव्या सरपंचाला तेवढं सांगा." मी गेले, सांगितलं. नव्या सरपंचाने हात जोडले. "काकू, साहेबांनी जे केलं न्हाई ते मी कसं करू? त्यांच्या माघारी गाव फोडलं म्हणतील लोक." जिवंत माणसाशी निदान भांडता तरी येत होतं...

अंघोळ झाली की ते रोज माळवदावर जाऊन ओढ्यापलीकडे बघायचे. तिकडे चुलींचा धूर दिसला की म्हणायचे, "आपलं गाव जागं झालं." आता मी जाते. धूर दिसतो. पुढचं वाक्य मात्र माझ्या तोंडून निघत नाही.