दगडाची दाढी

खोडाळ्यात माझं सलून आज चालू आहे ते शेवाळवाल्या बाईंमुळे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर त्यांच्या गमती सांगायच्या नादात तेवढंच राहून जायचं. आणि दगडावरून चालताना दगडाची माफी मागणारं माणूस अख्ख्या मोखाडा तालुक्यात त्या एकच. कुठल्याशा कॉलेजातून निवृत्त होऊन बाई इथं खोली घेऊन राहिल्या, त्या फक्त कातळावरच्या शेवाळासाठी. कातळ लागला की चपला हातात. ऊन कितीही असो, टाचा उचलून नाचत नाचत पलीकडे जायच्या आणि मागच्याला ओरडायच्या, "चपला काढ रे! झोपलेत ते." मग पालथं पडून भिंगातून बघत राहायच्या. एकदा जव्हारच्या रस्त्याला एक जीपवाला, बाई चक्कर येऊन पडल्या समजून पाणी घेऊन धावला. बाईंनी त्यालाच शेजारी पालथा झोपवून भिंग हातात दिलं. जीपमधली माणसं हॉर्न वाजवून दमली.

त्यांचा एकच कडक नियम होता. उन्हाळ्यात वाळलेल्या शेवाळावर पाण्याचा थेंब टाकायचा नाही. कॉलेजची पोरं बाटली घेऊन आली, त्यांना चक्क हाकलून लावलं. "पाणी दिसलं की शेवाळं जागी होतात, गाठीला असेल ते खर्चतात, आणि पाणी उडालं की उपाशी झोपतात. पाऊस येईपर्यंत पुरायला नको?"

मी जतकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. मामाच्या दुकानात हात बसला आणि ओळखीनं इथं गाळा मिळाला म्हणून इतक्या लांब आलो. स्वभाव भित्रा. गिऱ्हाईक आलं तर वस्तरा लागेल ही भीती, नाही आलं तर घरी काय तोंड दाखवू ही भीती. आणि गिऱ्हाईक येतच नव्हतं. अनोळखी माणसाच्या हातात गळा कोण देणार? होळीपर्यंत खुर्ची भरली नाही तर गाळा सोडून गावी जायचं, असं धरूनच चाललो होतो.

एका बाजाराच्या दिवशी बाई थेट सलूनात शिरल्या. माझी फवाऱ्याची बाटली उचलून हातावर फुस्स करून बघितली. "वा! धुकं पडतं हिच्यातून." आणि बसल्या की खुर्चीत. "काप. बारीक काप, पालथं पडलं की डोळ्यांत येतात."

मी कात्री उचलली, ठेवली, परत उचलली.

"घाबरतोस काय? एक कान गेला तर दुसरा आहे."

कान दोन्ही राहिले. बोलता बोलता माझी सगळी कथा त्यांनी काढून घेतली आणि उठताना म्हणाल्या, "रविवारी पोशेऱ्याच्या वरच्या कातळावर ये. बाटली, वस्तरा, कात्री, सगळं घेऊन."

गेलो. खालच्या पाड्यावरची माणसं मागोमाग वर आली.

"अरे बघा, न्हावी दगडाची दाढी कराया आला!"

"साबण लाव रं आधी!"

बाईंनी तळहाताएवढा काळा, कुरकुरीत डाग दाखवला. "मार."

"बाई, उन्हाळ्यात?"

"मार म्हणते ना."

मी फवारा मारला. एक गाल भादरायला लागतो तेवढ्या वेळात, काळ्या सुतळीसारखं वळलेलं सगळं उलगडलं आणि हिरवंगार झालं. हसणारे वाकून बघायला लागले. "परत मार, परत!" पोरं ओरडायला लागली. ते वाळलं की परत. दर वेळी बाई "मार" म्हणायच्या, पण बघायच्या दुसरीकडे. गर्दी वाढली. शेवटी एक म्हातारबाबा माझ्यापुढं दगडावर बसले. "दगड हिरवा केलास, आता माझं थोबाड बघ." ऊन उतरेपर्यंत माझा वस्तरा थांबला नाही. पुढच्या बाजाराला दुकानाबाहेर माणसं उभी होती.

गुडघे गेले तशा बाई लेकीकडे नागपूरला गेल्या. फोनवर पहिला प्रश्न, "चपला काढतोस ना?" काढतो. दर पावसाळ्यात त्या कातळावर जातो. सगळा कातळ हिरवा होतो, तेवढा तळहाताएवढा तुकडा बोडकाच राहतो. ते मी फोनवर सांगत नाही आणि बाईही विचारत नाहीत. मला वाटतं, त्यांना त्या दिवशीच माहीत होतं.

यंदा त्याच्या कडेनं एक बारीक हिरवी रेघ आत सरकलेली दिसली. ती जागा भरली की बाईंना घेऊन येणार आहे. चढ त्यांना जमायचा नाही, मी पाठीवर घेईन. अनवाणी.