जाड बाईचा तपास

आमची ही दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर होती. अंगाने पहिल्यापासून भरलेली. तिथे तिला 'कपाट' म्हणायचे. मागून म्हणायचे, आणि कधीकधी समोरही, जणू तिला ऐकूच येत नाही. रात्रीचं जेवण सोडून झालं, पहाटेचं चालून झालं. वजन काही हटलं नाही.

निवृत्तीनंतर तिने एक रहस्यकादंबरी लिहिली. दवाखान्यात एका डॉक्टरचा खून होतो आणि त्याचा छडा लावते खिडकीवरची एक जाड बाई. खुनी तिच्यादेखत फोनवर सगळं बोलून जातो, कारण त्याच्या लेखी ती माणूस नसतेच, सामान असते.

प्रकाशकांना कादंबरी आवडली. आम्ही दोघं भेटायला गेलो.

"फक्त बाईला जरा बारीक करा, काकू," ते म्हणाले. "वाचकांना बरं वाटतं. दोन-चार विशेषणांचं तर काम!"

"बघते," ही म्हणाली.

त्यानंतर कितीतरी दिवस ती टेबलाशी बसून खाडाखोड करत होती. नोकरीतही इतकं दमलेलं मी तिला पाहिलं नव्हतं. एका दुपारी तिने पेन खाली ठेवलं.

"अहो, नाही जमत. बारीक केली की तो तिच्यासमोर बोलतच नाही."

"मग काय करतो?"

"चहा घेणार का विचारतो, मेला! आणि सुटतो."

मला हसू आलं. ती हसली नाही. "जन्मभर मला जमलं नाही, आता हिलाही जमेना."

प्रकाशकांना तिने फोनवर हेच सांगितलं. ते म्हणाले, "बरं, राहू द्या तशीच." त्या रात्री ही पोटभर जेवली.

पुढे मुखपृष्ठाचं चित्र आलं. खिडकीत एक तरुणी, कंबर मुठीत मावेल अशी. हिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"ही कोण बया?"

"तुझी नायिका असावी," मी चाचरत म्हणालो.

"हिला आधी कुणीतरी जेवायला घाला हो."

तिने फोन उचलला आणि नंबर न लावताच ठेवून दिला. "आतली तरी जाड राहिली ना? छापू दे. तुम्हीच कळवा, मला आता बोलवत नाही," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

मी फोन लावला. "छापा म्हणतेय," एवढंच बोललो. आणखीही बोलायचं होतं, पण शब्द जुळवेपर्यंत ते "थँक्यू, काका" म्हणून मोकळे झाले होते.