ऱ्हाईनकाठी नऊ माणसं

माणसं मोजत हिंडणारा माणूस अख्ख्या आयर्लंडात एकच, आमचे वॉटरफोर्डचे शेजारी काका. मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आणि आपलं मराठी आम्हा पुणेकरांपेक्षा शुद्ध असल्याचा ठाम दावा. काकू गेल्या तेव्हापासून त्यांना एकच ध्यास, कद्दीश. ही मृतासाठीची प्रार्थना दहा ज्यू पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाही, आणि वॉटरफोर्डात दहा आणायचे कुठून? काका दर रविवारी बसने डब्लिन गाठत आणि एरवी दिसेल त्या दाढीवाल्याला हटकत. एकदा बसस्टॉपवरून असाच एक गृहस्थ घरी घेऊन आले. तो निघाला कॅथलिक शेतकरी. बिचाऱ्याने गोड पोह्यांचा मलिदा चाटूनपुसून खाल्ला, 'ग्रँड' म्हणाला, आणि पुढे कित्येक महिने अंडी आणून देत राहिला.

ऱ्हाईन नदीवरची बोटसफर काकूंनीच ठरवली होती. काठावरची जुनी गावं, ज्यूंची जुनी प्रार्थनास्थळं, म्हणजे सिनेगॉग, आणि त्यातल्या निळ्या छताच्या एका सिनेगॉगवर त्यांचा भारी जीव. त्यांचं वर्षश्राद्ध, म्हणजे आपण म्हणतो तसं, नेमकं सफरीत येत होतं. काकूंच्या जागी काकांनी मला नेलं. "तिच्या सिनेगॉगमध्येच कद्दीश म्हणणार," ते म्हणाले, "बोटीवर दहा काय, पन्नास निघतील."

बोटीवर त्यांनी उच्छाद मांडला. दात घासायच्या ग्लासात पोहे भिजवले, जेवणाच्या टेबलांवर फिरून अमेरिकन म्हाताऱ्यांच्या वंशावळी काढल्या. पण गावागणिक त्यांचा चेहरा उतरत गेला. प्रत्येक सिनेगॉगला तिकीट, काचेआड प्रार्थनेची पुस्तकं, आणि प्रार्थना करणारं कोणीच नाही. "इथली माणसं कुठे गेली?" त्यांनी एका गाईडबाईंना विचारलं. बाईंनी खाली बघून सांगितलं, "त्यांना नेलं." ठाऊक असूनही विचारलं होतं काकांनी.

वर्षश्राद्धाच्या दिवशी निळ्या छताखाली काकांना धरून नऊच जमले. यायचं कबूल केलेले दहावे आजोबा गुडघा धरून बोटीवर राहिले होते. एकजण माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्यांना उभं करा की, देव काय पासपोर्ट बघतोय?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. "तिला खोटं खपत नसे." मग मला मराठीत म्हणाले, "तुला धरत नाहीत रे. पण उभा राहा."

मी उभा राहिलो. काकांनी पुस्तक मिटलं आणि मराठीतच बोलायला लागले. "अगं, आलोय बघ. छान आहे इथे, थंडी आहे जरा. घरी बरं चाललंय." एवढं बोलून थांबले. मग म्हणाले, "नाही चाललं गं."

त्या आठ जणांना मराठीतलं अक्षरही कळत नव्हतं. पण काका गप्प झाले तसे सगळे हळू आवाजात 'आमेन' म्हणाले. मलाही म्हणायचं होतं, पण रडू आवरेना.